पेटीतला मार्गशीर्ष

“तात्या खराब झाले आहेत, ते उघडता येत नाहीत, त्यांना कचऱ्यात टाका,” असं दुर्गाक्काने पुण्याहून फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा मधुसूदनची दाढी एका गालाची झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस होता. अक्का जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. पडद्यावर आलेलं वाक्य तिने आधी स्वच्छ इंग्रजीत वाचलं, मग मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी करावं तसं त्याचं मराठी केलं आणि शेवटी विचारलं की मधू, हे तूच पाठवलंस ना. मधुसूदन हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तात्या म्हणजे या दोघांचे वडील, त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. पडद्यावरचे तात्या मात्र मधुसूदनच्या मुलीने, ऐश्वर्याने, बनवलेले होते. तिथी सांगणारा एक प्रोग्राम, उघडला की आधी तात्यांचा काळ्या टोपीतला फोटो यायचा आणि खाली त्यांच्या श्राद्धाची यंदाची तिथी, तारीख-वारासकट. नाव काय देऊ असं तिने विचारलं तेव्हा मधुसूदनच हौसेने म्हणाला होता की ज्यांच्यासाठी चाललंय त्यांचंच दे. नाव ठेवताना पुढे असलं वाक्य ऐकावं लागेल हे कुणाच्या मनात येतं? फोन कानाला, वस्तरा हातात, असा तो झाशीतल्या नगरा भागातल्या घराच्या मोरीपाशी उभा राहिला आणि आरशातला अर्धा पांढरा माणूस त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने, स्वातीने, स्वयंपाकघरातून सांगितलं की आधी दुसरा गाल करून घ्या, मग काय ते बोला. त्याने ऐकलं नाही.

कचऱ्यात टाका, हे एक वेळ त्याने सोसलं असतं. डॅमेज्ड हा शब्द त्याला सोसवेना. झाशीच्या सरकारी कारखान्यात मोठे ट्रान्सफॉर्मर बनत, आणि तिथल्या डिस्पॅचमध्ये मधुसूदनचं सगळं आयुष्य गेलं होतं. बनवणारे बनवत, तपासणारे तपासत, पण पेटीत भरून, ठोकून, वर खुणा करून माल जगात पाठवायचा तो मधुसूदनने. चिनी मातीचे मोठाले भाग गवतात निजवायचे, फळ्या ठोकायच्या, आणि मग पत्र्याच्या छापावरून काळा रंग फिरवायचा. छत्री म्हणजे भिजवू नका, पेला म्हणजे आत नाजूक आहे, बाण म्हणजे ही बाजू वर. रंग वाळेपर्यंत तो पेटीशेजारून हलत नसे. ट्रेलर फाटकाबाहेर पडण्याआधी प्रत्येक पेटीवर तो एकदा तळवा ठेवायचा, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हात झटकल्यासारखं करायचा. परगावाहून कुणी डॅमेज्ड असं लिहून पाठवलं की त्याला दोन दिवस जेवण जात नसे. मग तो कुणाकुणाला पत्रं लिही, फोटो मागवी, आणि बहुतेक वेळा वाटेत कुणीतरी पेटी उलटी ठेवलेली निघे. बाणाच्या विरुद्ध. माणसांना बाण कळत नाही, हे त्याचं मानवजातीविषयीचं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्याने कारखान्यातच मिळवलं होतं.

म्हणून तर ऐश्वर्या एकदा चहा पिताना म्हणाली की बाबा, मैं पॅकिंगच करते समझो, तेव्हा त्याला भरून आलं होतं. तोपर्यंत मुलगी वरच्या खोलीत बसून नोएडाच्या कंपनीचं नेमकं काय करते हे त्याला कळलेलं नव्हतं. आता कळलं. प्रोग्राम लिहिणारे दुसरे, ही तो भरते. कुठल्या फायली आत जायच्या ते लिहून दिलं की एक हत्यार त्या सगळ्या गोळा करतं आणि त्यांची एकच एक फाईल करतं, ती म्हणे डिस्क. ती डिस्क दिसत नाही, हातात धरता येत नाही, पण ज्याला पाठवली त्याने दोनदा टिचकी मारली की ती त्याच्या मॅक कॉम्प्युटरवर खरी डिस्क लावल्यासारखी उघडते. आत दोन चित्रं. डावीकडे प्रोग्राम, उजवीकडे त्या माणसाच्या कॉम्प्युटरचं फडताळ, मध्ये बाण. हे उचला, तिथे ठेवा. बाण बघून मधुसूदनने तिला ती डिस्क पुन्हा एकदा उघडून दाखवायला लावली. मग त्याने फिरायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं की आमची मुलगी पॅकिंगमध्ये आहे, आणि लोकांनी हळहळून विचारलं, “इतना पढ़ाकर, भाईसाहब?” त्याला वाईट वाटलं नाही. तात्यांची डिस्क करताना तर तो तिच्या खुर्चीमागेच उभा असायचा. बाण जाड कर म्हणाला. मागच्या चित्रात छत्री आणि पेला घाल म्हणाला. ऐश्वर्या म्हणाली की बाबा, छत्री किसलिए, हे पाण्यात जाणार नाही. पण घातली तिने. अक्काच्या पडद्यावर आज तात्यांच्या शेजारी एक छत्री होती आणि एक पेला होता, आणि मध्ये असा बाण होता की आंधळ्यालाही दिसावा. अक्काने बाणाप्रमाणे उचलून ठेवलं होतं. तिने काहीही उलटं केलं नव्हतं. आणि तरी डॅमेज्ड.

खरं म्हणजे त्याला प्रोग्रामही नको होता आणि डिस्कही. त्याला अक्का हवी होती. तात्यांच्या श्राद्धाला अक्काने झाशीला यावं, पानावर बसावं, आमसुलाची चटणी आंबट झाली म्हणून स्वातीला बोलावं, एवढंच. ती ऐंशीच्या पुढे गेली होती, गुडघे गेले होते, आणि येत नव्हती ती गुडघ्यांमुळे नव्हे. येत नव्हती ती मार्गशीर्षामुळे. तात्या गेले त्या दिवशी स्मशानात झाशीचे पंडितजी होते, आणि त्यांनी संकल्पात मार्गशीर्ष मास, कृष्ण पक्ष, दशमी असं म्हटलं. पुण्याहून धावत आलेल्या अक्काने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तसंच्या तसं पुण्याला नेलं. आता इकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे शुक्ल पक्षात सगळी दुनिया एका महिन्यात असते आणि वद्य पक्ष लागला की हे लोक आपल्या एक महिना पुढे जातात. पंडितजींचा मार्गशीर्ष म्हणजे आपला कार्तिक. झाशीच्या मराठी घरांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण त्याची आई शेजारणीशी भांडून शिकलेली असते. अक्का मात्र लग्नानंतर पुण्याचीच झालेली. मधुसूदन कार्तिक वद्य दशमीला श्राद्ध करायचा, अक्का पुण्यात महिन्याने, मार्गशीर्ष वद्य दशमीला, तात्यांच्या नावाने कुणाला तरी जेवू घालायची. एका वर्षी ती तिच्या तिथीला झाशीत आली, तर इथे होऊन महिना झालेला. स्वाती बिचारी म्हणाली की परत करू, त्यात काय. अक्का म्हणाली, तात्या दोनदा जेवत नसत, एकदाच जेवत आणि वेळेवर जेवत. परतीच्या गाडीत बसताना तिने खिडकीतून सांगितलं की चुकीच्या दिवशी जेवायला मी येणार नाही. गाडी हलली आणि मधुसूदन फलाटावर रिकामा डबा घेऊन उभा राहिला, कारण तिने पोळ्या घेतल्या होत्या पण डबा परत दिला होता.

त्यानंतर त्याने काय काय केलं नाही? जुनी पंचांगं दाखवली, ती म्हणाली झाशीत छापलेली. मृत्यूचा दाखला दाखवला, ती म्हणाली इंग्रजी तारखेने बाप जेवायला येत नसतो. गुरुजींना फोनवर दिलं, तिने त्यांचं व्याकरण काढलं. पुण्याच्या नातेवाइकांत तिची बाजू भक्कम होती. झाशीच्या मराठी माणसाचा महिना तरी धड कशावरून असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मधुसूदन पुण्यात रिक्षावाल्याला भैया म्हणायचा आणि पिशवीला थैली, तेव्हापासून त्याच्या कुठल्याच तिथीवर तिथे कुणाचा भरवसा उरला नव्हता. शेवटी यंदा गणपतीत अक्काच फोनवर म्हणाली की पंचांगं माणसं छापतात, तू गणिताने दाखव, गणिताचं मी मानेन. नातू कॅनडाला जाताना त्याचा मॅक तिच्याकडे ठेवून गेला होता आणि तिला तो कशाला तरी वापरायचाच होता. मधुसूदनने त्याच दिवशी ऐश्वर्याला कामाला लावलं. आता दशमी जवळ आली होती, गुरुजींना पुढचा शुक्रवार सांगून ठेवला होता, आणि फोनवर अक्का विचारत होती की मग टाकू का तात्यांना कचऱ्यात?

थांब म्हणून त्याने वर हाक मारली. ऐश्वर्या जिना उतरून आली, बापाच्या गालाकडे बघितलं, फोन घेतला, वाक्य ऐकलं आणि हसली. मधुसूदनला त्या हसण्याचा राग आला. ती म्हणाली, “बाबा, कुछ टूटा नहीं है. मॅक असंच बोलतो. पाठवणाऱ्याची पहचान नसली की तो खराब आहे म्हणून सांगतो.” मधुसूदनने विचारलं की म्हणजे माल चांगला आहे हे त्याला माहीत आहे का. तिने सांगितलं की त्याने मालाकडे बघितलंच नाही. आपण त्या कंपनीकडे नाव नोंदवून शिक्का घेतलेला नाही, आणि बिनशिक्क्याचं जे बाहेरून येईल त्याला तो न उघडताच हे बोलतो. पेटी न उघडता डॅमेज्ड लिहिणारी माणसं त्याने आयुष्यात पुष्कळ बघितली होती, पण त्या माणसांचंच यंत्र करून कुणी घरोघरी बसवलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पुण्याला लग्नाकार्यात जेवायच्या पंगतीत कुणी तरी विचारी की झाशीचे म्हणजे मूळचे कुठले, आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्याच्याशी हिंदीत बोलू लागे. तेव्हा जो राग यायचा तोच आत्ता आला. त्याने तो गिळला, कारण अक्का फोनवर होती आणि फोनचा आवाज मोठा केलेला होता.

मग ऐश्वर्याने अक्काला एक ओळ टाइप करायला सांगितली. ही ओळ लिहिली की मॅक बाहेरून आल्याची खूण पुसून टाकतो आणि मुकाट्याने उघडतो. अक्का आजवर दुसऱ्यांना शुद्धलेखन घालत आली होती, तिला कुणी घातलं नव्हतं. आत्या, एक्स, ए, डबल टी, आर, फिर स्पेस, असं ऐश्वर्या म्हणाली. अक्का म्हणाली की हा शब्द कुठल्या भाषेतला, स्वर एकच आहे, आणि स्पेस म्हणजे इथे शब्द संपला असं सरळ सांगत जा. मग आडवी रेघ आली, तिच्यावरून वाद झाला की ही मधली रेघ की खालची. एकदा चुकलं. अक्का म्हणाली की माझं बरोबर होतं, सांगणाऱ्याचं चुकलं. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, आणि काहीच न होणं हीच ओळ बरोबर असल्याची खूण असते हे अक्काला पटवायला बराच वेळ लागला. मधुसूदन या सगळ्या वेळात मोरीच्या कट्ट्यावर बसून होता. गालावरचा फेस वाळत चालला होता आणि कातडी ओढली जात होती. त्याला आठवलं, तात्या स्वतः दाढी करताना बोलत नसत, आणि आपण कुणी बोललो तर नुसता वस्तरा वर धरत. तात्यांना यातलं काय आवडलं असतं? बहुधा छत्री.

“उघडले,” अक्का म्हणाली. मधुसूदनला कळलं की फोटो आला असणार. तो फोटो अक्काकडे नव्हता. तात्या नेहमीसारखे जरा चिडलेले, टोपी किंचित डावीकडे. पलीकडून अक्काने नाक पुसल्याचा आवाज आला आणि मधुसूदनने टॉवेल डोळ्यांना लावला, त्यामुळे थोडा फेसही निघाला. मग अक्काने वर्गातला आवाज परत काढला आणि वाचलं, “मार्गशीर्ष कृष्ण दशमी.”

मधुसूदनला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अक्काने ते पुन्हा वाचलं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून, आणि म्हणाली की बघ, गणितसुद्धा मार्गशीर्षच म्हणतंय. त्याने फोन टॉवेलखाली दाबला आणि ऐश्वर्याकडे असं बघितलं की ती धावत वरून आपला लॅपटॉप घेऊन आली. तिच्या लॅपटॉपवरचे तात्या शांतपणे कार्तिक वद्य दशमी सांगत होते. एकच फोटो, एकच टोपी, आणि दोन ठिकाणी दोन महिने. ऐश्वर्या खाली बसून काय काय उघडून बघू लागली आणि थोड्या वेळाने तिने कपाळाला हात लावला. गणिताचा भाग तिने बनारसकडच्या कुणाचा तरी घेतला होता, त्याला महिना पौर्णिमेलाच संपतो एवढंच ठाऊक. आपला महिना अमावास्येला संपतो हे सांगणारी एका ओळीची फाईल तिने वेगळी लिहिली होती. ती फाईल तिच्या कॉम्प्युटरवरच राहिली, पेटीत गेलीच नाही. इथे चालवलं की प्रोग्रामला ती शेजारीच सापडायची. पुण्यात कुठून सापडणार? ती हळूच म्हणाली की मी म्हटलं होतं ना, दुसऱ्या कुणाच्या मशीनवर एकदा चालवून बघू या. म्हटलं होतं. जवळच्या बबीना गावी तिच्या मैत्रिणीकडे मॅक होता, ती जाणार होती. मधुसूदननेच तिला अडवलं होतं. इथे उघडतंय ना, मग ठोक खिळे, दशमी आली, असं तो तिच्या खुर्चीमागून म्हणाला होता, वर जाणत्यासारखा तिच्या खांद्यावर हात ठेवून. सगळ्या आयुष्यात एक वस्तू पेटीबाहेर राहिली, आणि राहिली ती नेमकी ही.

ऐश्वर्या म्हणाली की पाच मिनट, फाईल आत टाकून नवीन डिस्क बनवते, आत्याला सांग पहिली काढून टाक. तिची बोटं चालूही लागली. मधुसूदनने फोन टॉवेलखालून काढला तो मान खाली घालूनच. अक्का बोलतच होती. ती म्हणत होती की बरं झालं, एकदाचं कळलं, आणि यंदा जरा लवकर येतेय, पुढच्या शुक्रवारीच आहे की.

शुक्रवारी? गुरुजींना सांगितलेला तोच शुक्रवार. अर्थात तोच असणार. चंद्राला महिन्याचं नाव ठाऊक नसतं, तो दशमीला दशमीच्या जागी येतो. पुण्याचा मॅक बनारसचं नाव घेऊन झाशीचा दिवस सांगत होता. नाव अक्काचं होतं, दिवस मधुसूदनचा होता. खोक्यावर भलतंच लिहिलं होतं आणि आत माल बरोबर होता. डिस्पॅचमध्ये असली पेटी त्याने फाटकातून परत आणवली असती, रंग खरवडून काढला असता आणि ज्याने छाप मारला त्याला सगळ्यांदेखत सुनावलं असतं. तो मोरीच्या कट्ट्यावरून उठला. त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं, पौर्णिमा, अमावास्या, पंडितजी, इतकी वर्षं पाठ केलेलं.

“म्हणजे माझंच खरं होतं,” अक्का म्हणाली.

“हो अक्का,” मधुसूदन म्हणाला. “मार्गशीर्षच.”

स्वाती हातात लाटणं घेऊन दारात आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिकडे अक्का म्हणत होती की मग मी बुधवारी निघते, ऐश्वर्याला तिकीट बघायला सांग, खालचा बर्थ हवा, आणि बरुआसागरचं आलं आणून ठेव, इथलं आलं नुसता चोथा असतो. मधुसूदन सगळ्याला हो म्हणत होता. त्याला आनंद झाला होता, अगदी पोटातून झाला होता, आणि त्या आनंदाच्या शेजारीच एक बारीकसं काही टोचत होतं. अक्काच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. पुण्यात छापलेलं, मराठी, दाराशेजारी खिळ्याला. दूध आलं नाही, गॅस लावला, सगळं अक्का त्याच्यावर लिहिते, दिवसातून दहा वेळा बघते. त्याच्या प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरांत तिथी असते, आणि त्या शुक्रवारच्या चौकटीत कार्तिक छापलेलं असणार. आज ना उद्या तिची नजर जाईल. ती गाडीत बसायच्या आधीच जाईल. मग ती येणार नाही, आणि आपण खोटं बोललो एवढंच राहील. रंग वाळेपर्यंत न हलणारा माणूस तो, त्याच्याने राहवेना.

“अक्का,” तो म्हणाला, “तुझ्या त्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये...”

“मी त्याच्यासमोरच उभी आहे,” अक्का म्हणाली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. अक्काने ती होऊ दिली.

“काय छापलंय ते मला दिसतंय, मधू. दर वर्षी दिसतं. पण तुझं गणित मार्गशीर्ष म्हणतंय ना? मग आपण गणिताचं ऐकू या. आणि पोरीला सांग, आता दुरुस्त करून वगैरे काही पाठवू नको. हे छान चाललंय.”

फोन बंद झाला. दर वर्षी दिसतं, असं ती म्हणाली होती. म्हणजे खिडकीतून डबा परत दिला त्यानंतर कधीतरी तिला कळलं होतं, आणि कळूनही ती एकटीच महिन्याने तात्यांचं पान वाढत बसली होती, कारण परत यायला तिला कुणी वाट करून दिली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं. ऐश्वर्याने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. नवीन डिस्क तयार होती, फाईल आत गेलेली, छत्री, पेला, जाड बाण, सगळं जागच्या जागी. भेजूँ, असं तिने विचारलं. तो नको म्हणाला. ती म्हणाली, “पर बाबा, हे वालं बरोबर आहे.”

“म्हणूनच,” मधुसूदन म्हणाला. “टाक ते.”

ऐश्वर्याने खांदे उडवले आणि बरोबर असलेले तात्या उचलून कचऱ्यात टाकले. पडद्यावर कागद चुरगळल्याचा बारीक आवाज झाला. मधुसूदनने गाल पुन्हा ओला केला आणि स्वातीला विचारलं की बरुआसागरची बस आता किती वाजता असते.